पुलावरची दुसरी लाईन

पुराच्या ड्युटीचा हुकूम आला तेव्हा आमच्या युनिटमध्ये मराठी बोलणारे किती, याची पहिल्यांदाच मोजदाद झाली. तोवर आमच्या मराठीचा सरकारी उपयोग काहीच नव्हता. आपापसात शिव्या द्यायला ती पुरे होती. संध्याकाळच्या रोलकॉलला नावं वाचली गेली आणि सकाळी आमची तुकडी गाड्यांत बसून सांगलीकडे निघाली.

मी तेव्हा सिग्नलमध्ये नायब सुभेदार होतो. सिग्नल म्हणजे फौजेचे टेलिफोन, वायरलेस आणि आता कॉम्प्युटरचं नेटवर्क. गोळी चालवणारे वेगळे असतात. चालव किंवा थांब हे ज्या तारेवरून सांगतात, ती तार आमची. तार चालू असेल तर आमची कोणाला आठवण होत नाही. बंद पडली की सगळ्यांना एकदम होते. नोकरीचा सारांश एवढाच.

माझं गाव सातारा जिल्ह्यात, कोरेगावच्या बाजूला. आता निवृत्त होऊन तिथेच असतो. लग्नकार्यात भेटणारे पालक विचारतात, की पोराला नेटवर्किंगमध्ये घालायचं आहे, तर आधी सर्टिफिकेटच्या परीक्षा द्याव्यात की मिळेल ती नोकरी धरून अनुभव घ्यावा? मी फौजेत होतो म्हणजे मला एका वाक्यात उत्तर देता येईल, असा त्यांचा समज असतो. मला येत नाही. मला त्या पुराची ड्युटी आठवते, आणि जेवणाची पंगत उठायच्या आत ती सांगून होत नाही. म्हणून लिहितो आहे.

कृष्णाकाठचं एक गाव. नाव लिहीत नाही. गावाने आमचं काही वाईट केलं नाही. उलट रोज इतकी भाकरी आणि आमटी पाठवली की आमच्या लंगरचा स्वयंपाकी रुसला. जे चुकलं ते आमच्या खात्यात चुकलं, आणि गावाचं नाव त्याला चिकटावं असं मला वाटत नाही.

व्यवस्था साधी होती. नदीच्या अलीकडे, टेकाडाच्या मागे एक कॉलेज होतं. त्याच्या वरच्या मजल्यावर आमचा कंट्रोल रूम. पलीकडच्या काठावर उंचवट्यावर एक हायस्कूल. तिथे आमची चौकी. बोटी पलीकडच्या गल्ल्यांत फिरत आणि त्यांचा वायरलेस त्या चौकीशी बोले. टेकाड मध्ये असल्याने आमच्या हातातले सेट पलीकडे पोचत नसत. मोबाईलचे टॉवर वीज नसल्याने झोपले होते. म्हणून जुन्या पुलाच्या रेलिंगला बांधून आम्ही फायबरची केबल पलीकडे नेली होती. चौकीचा फोन त्या केबलवर, बोटींचा वायरलेसही तिच्यावरूनच कंट्रोल रूममध्ये यायचा. म्हणजे अर्ध्या गावाशी आमचं नातं एका करंगळीपेक्षा बारीक तारेचं होतं.

ती केबल टाकली हवालदार सिदू कोळेकरने. आटपाडीच्या पूर्वेला एक वाडी आहे, तिथला. बाप मेंढरं राखायचा, कोळेकर तारा राखायचा. वाळवंटात, बर्फात, जंगलात त्याने लाईन टाकली होती. पावसाचा आणि त्याच्या तालुक्याचा संबंध फक्त कॅलेंडरपुरता. पहिल्या दिवशी पुराचं पाणी बघून तो काठावर कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"साहेब, मला तर रागच यायलाय," तो म्हणाला. "आमच्या वाडीत टँकर आला तर बाया झिंज्या धरत्यात, आन् हितं अख्खी एसटी बुडालीया."

"घेऊन जा थोडं," मी म्हणालो.

"कशात नेऊ? बोटीबी तुमीच घेतल्यात."

कोळेकरची नोकरी संपत आली होती. पेन्शन येणार होतीच, पण आमच्याकडे निवृत्त झालेल्या माणसाची पुढची पायरी ठरलेली असते: पुण्याला जायचं, एटीएमच्या दाराशी निळा शर्ट घालून खुर्चीवर बसायचं. कोळेकरला ते नको होतं. सांगलीतल्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये नेटवर्क सांभाळायला माणूस हवा होता. तो सुट्टीत जाऊन भेटून आला. अनुभव ऐकून त्यांना तो पसंत पडला. मग त्यांनी सर्टिफिकेट विचारलं. फौजेचा ट्रेड टेस्टचा कागद दाखवला, तर समोरच्या बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला आणि नम्रपणे परत दिला. नेटवर्किंगच्या कंपनीची परीक्षा पास होऊन या, जागा तोवर ठेवतो, असं त्या म्हणाल्या. कोळेकरने परीक्षा दिली आणि नापास झाला. दुसरी तारीख पुराच्या ड्युटीनंतर लगेच होती. ही शेवटची संधी आहे, असं हॉस्पिटलने कळवलं होतं. पास झाला तर वाडीहून एसटीने जाऊन येऊन नोकरी. लग्नानंतर पहिल्यांदा बायकोसोबत सलग एक वर्ष घरी. तो हे असं कधी बोलला नाही. "एटीएमवर बसायला माझं पोट सुटलेलं न्हाई," एवढंच म्हणायचा.

त्याला शिकवायचा सिग्नलमन शीतल मगदूम. सांगलीजवळच्या जैन शेतकऱ्याचा मुलगा; घरी हळद आणि ऊस. आपल्याकडे शीतल हे पुरुषाचं नाव असतं हे आमच्या उत्तरेकडच्या जवानांना पटवून द्यायला त्याची पहिली दोन वर्षं गेली. भरती होण्यापूर्वीच त्याने नेटवर्किंगच्या परीक्षा पास केल्या होत्या. मग नोकरी शोधायला गेला. प्रत्येक कंपनी विचारे, अनुभव काय? अनुभव नोकरीशिवाय मिळेना आणि नोकरी अनुभवाशिवाय मिळेना. शेवटी तो अनुभवासाठी फौजेत आला. फौजेने त्याची सर्टिफिकेटं पाहिली, समाधानाने मान हलवली आणि त्याला ऑफिसात टायपिंगला बसवलं. कोणी मोठा पाहुणा आला की मात्र 'हा आमचा सर्टिफाइड इंजिनियर' म्हणून त्याला पुढे करत.

एकाजवळ वर्षं होती, कागद नव्हता. दुसऱ्याजवळ कागद होता, वर्षं नव्हती. दोघं मिळून एक पूर्ण उमेदवार झाला असता. दुपारी पाणी ओसरल्यासारखं वाटलं की ते कॉलेजच्या जिन्यात बसत. मगदूम प्रश्न विचारी, कोळेकर उत्तर देई. मग कोळेकर फायबर कशी तासायची, कशी जोडायची ते दाखवी. त्याची जाड बोटं त्या काचेच्या केसाला अशी धरत, जणू मेंढराच्या पिलाच्या डोळ्यातलं कुसळ काढतो आहे. मगदूम त्याला 'उस्ताद' म्हणायचा. कोळेकर त्याला 'मास्तर' म्हणायचा, सुरुवातीला चेष्टेने.

"मास्तर, इतकं समदं पाठ करून तुज्या हातानं एकदा तरी तार जोडलीस का रं?"

"आता जोडली की."

"ही मी जोडली. तू बॅटरी धरलीस."

"धरली नसती तर तुमाला दिसलं असतं का?"

"व्हय, तेबी खरं हाय," कोळेकर म्हणायचा आणि पुढचा प्रश्न मागायचा.

तिथे असताना कोळेकरने दुसरी केबल टाकायला काढली. कोणी सांगितलं नव्हतं. लाईनमनची ती जुनी रीत. महत्त्वाच्या चौकीला कधी एका तारेवर सोडायचं नाही. रणगाड्याने एक तोडली तर दुसरी बोलते. फिल्ड टेलिफोनच्या काळात या रीतीने किती माणसं वाचली असतील, सांगता येत नाही. कोळेकर पुलावरून चालत गेला आणि पहिलीच्या शेजारी दुसरी बांधून आला. अलीकडचं टोक मगदूमने लावून घेतलं. पलीकडचं लावायच्या आधी कोळेकर थांबला आणि त्याने रीतसर विचारलं. त्या वेळी मी तिथेच होतो.

"मास्तर, दोनी एकदम लावल्या तर तू म्हणतोस तसलं कायतरी हुतंय न्हवं?"

"लूप."

"त्येच. परत सांग."

"एक निरोप ह्या लायनीनं पलीकडं जातो, दुसरीनं परत येतो, आन् परत पहिलीनं जातो. फिरतच ऱ्हातो. एका निरोपाचं हजार हुत्यात. गावात आवई उठल्यागत. मग खऱ्या बोलण्याला जागाच ऱ्हात न्हाई."

"मग लावू नगं म्हण की."

"लावा, उस्ताद. आपला स्विच हुशार हाय. दोन वाटा दिसल्या की एक सोताच गप करतोय. पहिली मेली की दुसरी उघडतोय. त्येच तर काम हाय त्याचं."

"नक्की?"

"परीक्षेला हमखास येणारा प्रश्न हाय."

"मग उद्या सकाळी लावतो," कोळेकर म्हणाला. "परीक्षेला येणार म्हंजे इसरून चालणार न्हाई."

उत्तर बरोबर होतं. आजही विचाराल तर बरोबरच आहे. स्विच म्हणजे ज्यात सगळ्या तारा येऊन मिळतात तो डबा. आमचा फौजी डबा चांगला होता आणि मगदूमने सांगितलं तसाच वागला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे यायचे होते. प्रत्यक्ष नव्हे, पडद्यावर. वरच्या कोणा साहेबांना कंट्रोल रूम 'लाइव्ह' बघायचा होता. पूर आला की पाणी वाढतं आणि पाण्याबरोबर व्हिडिओ कॉन्फरन्सही वाढतात. आमचे मेजर साहेब वाईट माणूस नव्हते. रात्र-रात्र नकाशावर वाकून बोटी पाठवत. पण पडद्यावर चित्र अडखळलं तर त्यांनाच ऐकून घ्यावं लागणार होतं. त्यांनी सांगितलं, चांगला स्विच शेजारच्या कॉन्फरन्सच्या हॉलमध्ये लावा. कंट्रोल रूमला तासाभरासाठी दुसरं काहीतरी बसवा.

दुसरं काहीतरी म्हणजे कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमधला छोटा प्लास्टिकचा डबा. पलीकडच्या चौकीवरही हायस्कूलच्या लॅबमधला तसलाच डबा होता. त्यांना हुशारी नसते. येईल ते सगळ्यांना वाटून टाकायचं, एवढंच त्यांना येतं. एका लान्स नायकाने सगळ्या तारा जशाच्या तशा चांगल्या डब्यातून काढून साध्या डब्यात खोचल्या. काम चोख केलं त्याने. मगदूम कडक इस्त्रीच्या वर्दीत हॉलमध्ये कॅमेरा लावत होता. हॉलमध्ये खुर्च्यांना पांढरी कव्हरं घातली होती. पुरात कोरडी कव्हरं कुठून मिळाली, हे मला अजून समजलेलं नाही.

पलीकडे कोळेकरला हे कोणी कळवलं नाही. कळवायचं असतं हेच कोणाला सुचलं नाही. डबा अलीकडचा, हॉल अलीकडचा. पलीकडच्या माणसाचा त्याच्याशी काय संबंध?

सकाळी दहाच्या सुमाराला कॉन्फरन्स सुरू झाली. त्याच वेळी कंट्रोल रूममध्ये निरोप आला, की धरणातून विसर्ग वाढवला आहे, पाणी लवकरच चढेल. मी बोटी परत बोलवायला फोन उचलला.

"चौकी, चौकी, कंट्रोल. बोटी वापस. ओव्हर."

उत्तर नाही. पुन्हा बोललो. फोनमध्ये नेहमीची शांतताही नव्हती. फोन मेला होता. वायरलेसचा स्पीकर गप्प. नकाशाचा पडदा गोठलेला. मदत मागणाऱ्यांचे फोन बंद. हॉलमधून मेजर साहेबांचा आवाज आला, "लाइन कट गयी क्या?" मी हॉलच्या दारात गेलो. पडद्यावर पाहुणे साहेब तोंड उघडं ठेवून थिजले होते. बहुधा आमचं कौतुक करत असावेत.

"मगदूम," मी म्हणालो. "पलीकडची लाईन गेली. सगळंच गेलं."

तो धावत कंट्रोल रूममध्ये आला. मी मनात पूल धरून चाललो होतो: झाड अडकलं असेल, केबल तुटली असेल. मगदूमने पूल, नदी, काही विचारलं नाही. त्याने टेबलाखाली वाकून प्लास्टिकच्या डब्याकडे पाहिलं. डब्यावरचे सगळे हिरवे दिवे एकदम, वेड लागल्यासारखे लुकलुकत होते.

"लूप," तो म्हणाला आणि एक तार उपटली.

दिवे शांत झाले. काही क्षणांत फोनमध्ये आवाज आला. हॉलमध्ये पाहुण्यांनी आपलं वाक्य पूर्ण केलं असेल. मी ऐकलं नाही.

"चौकी, कंट्रोल. बोटी वापस, फौरन. पानी बढ़ रहा है। ओव्हर."

पलीकडे यादव नावाचा उत्तरेकडचा जवान होता. "रॉजर, साहब। बोट वापस बुलाता हूँ।"

"कोळेकर को दो।"

"हवालदार साहब लाइन देखने गए हैं। पुल पर।"

पुढे चौकशीत यादवने जे सांगितलं ते इथे लिहितो, म्हणजे क्रम लागेल. कोळेकर बोटींच्या धक्क्यावर निघताना त्याला म्हणाला, की दहाला दुसरी केबल लाव. यादवने लावली. कोळेकर परतला तेव्हा फोन बंद होता. यादवने विचारलं, "दूसरी वाली निकाल दूँ, साहब?" कोळेकरने क्षणभर विचार केला. म्हणाला, नको. दुसरीने काही होत नाही, मगदूमला विचारून घेतलं आहे, स्विच सांभाळतो. मग दोन्ही लाईनी एकदम गेल्या याचा अर्थ एकच: पुलावर, जिथे त्या एकत्र बांधल्या आहेत, तिथे काहीतरी झालं आहे. वायरलेसचा सेट त्याने यादवकडे ठेवला, कारण बोटींना कोणीतरी उत्तर द्यायला हवं. स्वतः पक्कड आणि टेप घेऊन निघाला. लाईन मेली की लाईनमन लाईनीवरून चालत जातो. त्याला दुसरं काही शिकवलेलं नसतं, आणि बहुतेक वेळा दुसरं काही लागतही नाही.

मी यादवला सांगितलं, धावत जा, परत बोलाव. मी आणि मगदूम जिप्सी काढून आमच्या बाजूने पुलाशी पोचलो.

जुना पूल बुटका आहे. पाणी त्याच्या रस्त्यावर आलं होतं, घोट्यापर्यंत असेल. कोळेकर मधल्या गाळ्याच्या थोडा पुढे, आमच्या बाजूला होता. एक हात रेलिंगवर, दुसऱ्या हाताने केबल चाचपत येत होता. सावकाश, एकेक वीत. तुटलेली जागा सापडेना, कारण ती नव्हतीच.

आम्ही ओरडलो. पाण्याच्या आवाजात आम्हालाच आमचं ऐकू येत नव्हतं. मगदूम पुलावर धावायला निघाला. मी त्याचा पट्टा धरून त्याला मागे ओढला. मग त्याने दोन्ही हात वर करून डोक्यावर जोडले. लाईन टाकताना लांबून सांगायची खूण आहे ती: लाईन ठीक, काम बंद. कोळेकरनेच त्याला शिकवली होती.

कोळेकरने मान वर केली. आम्हाला पाहिलं. एक हात उंचावून, समजलं, अशी खूण केली. केबल सोडली. क्षणभर दोन्हीकडे पाहिलं, आणि आमच्याकडेच येणं जवळ आहे असं ठरवून पावलं टाकू लागला. हिशेब बरोबर होता.

वरून एक मोठं झाड मुळांसकट वाहत आलं. ते पुलाला आडवं लागलं. रेलिंगचा तेवढा भाग झाडाबरोबर गेला, आणि कोळेकर गेला.

बोटी तोवर सगळ्या परतल्या होत्या. त्यातल्याच दोन पुन्हा पाण्यात घातल्या. उजेड होता तोवर शोधलं. दुसऱ्या दिवशी तो खालच्या अंगाला, उसाच्या फडात सापडला.

खात्याची चौकशी, म्हणजे कोर्ट ऑफ इन्क्वायरी, झाली. कोर्टासमोर दोन प्रश्न फार वेळ चालले: कोण क्वालिफाइड होतं आणि कोण अनुभवी होतं. दोन्ही तऱ्हेची माणसं हजर होती, हे पाहून कोर्टाला थोडं अवघड झालं असावं. कोळेकर पोहण्याच्या चाचणीत पास होता, असंही कागदावर निघालं. ती चाचणी टाकीत होते. शेवटी 'तांत्रिक बिघाड' असा शब्द सापडला आणि सगळ्यांना हायसं वाटलं. तांत्रिक बिघाडाला घर नसतं, त्यामुळे कोणाला तिथे जाऊन काही सांगावं लागत नाही.

मगदूम कोर्टात फक्त जे झालं ते बोलला. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "साहेब, उत्तर बरोबर होतं."

"होतं," मी म्हणालो.

"कुठल्या डब्याबद्दल, ते उस्तादांनी इचारलं न्हाई आन् मी सांगितलं न्हाई."

अनुभवी माणसाने शिकलेल्या माणसावर विश्वास ठेवला होता. आपण एरवी हेच व्हावं म्हणून गळा काढतो. मगदूम आज हवालदार आहे आणि नव्या पोरांना नेटवर्क शिकवतो. तुमच्या इकडे काहीही बदललं, अगदी डबा एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेला, तरी आधी पलीकडच्या टोकाला फोन लावायचा, मग हात लावायचा. हे तो पहिल्या दिवशी सांगतो. हा नियम मी कोणत्या परीक्षेच्या पुस्तकात पाहिलेला नाही, आणि वीस-वीस वर्षं काम केलेली माणसंही तो पाळताना फारशी दिसत नाहीत.

सांगलीच्या हॉस्पिटलने जागा भरली. तीन सर्टिफिकेटं असलेला तरुण मिळाला. नेटवर्क व्यवस्थित चालतं, असं ऐकतो.

वाडीवर अंत्यसंस्कार इतमामाने झाले. बिगुल, फैरी, तिरंगा. आमची माणसं ते मनापासून करतात, म्हणून त्याबद्दल काही म्हणणार नाही. फाट्यावर बॅनरही लागला होता. त्यावर श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे फोटो मोठे होते आणि कोळेकरचा वर कोपऱ्यात, पासपोर्ट साइज. भाषणं झाली. एका वक्त्याने त्याला सीमेवर लढताना धारातीर्थी पाडलं. आमच्यापैकी कोणी दुरुस्त केलं नाही.

दिवस झाल्यावर मी आणि मगदूम पुन्हा गेलो. मगदूमला एकट्याला जायचं धाडस होत नव्हतं आणि मलाही होत नव्हतं. या वेळी मांडव नव्हता. माळावर उन्हं होती. कोळेकरची बायको, हिराबाई, दाराशी शेळीला पाला घालत होती. तिने घोंगडं अंथरलं, पाणी दिलं, आणि समोर उंबऱ्यावर बसली. पेन्शनचे कागद कुठवर आले, ते मी सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग मगदूमकडे बघून म्हणाली, "तुमी मास्तर न्हवं?"

"व्हय, वैनी."

"आवाजावरनं वळाकलं. त्यांच्या फोनात तुमचं बोलणं आसायचं भरून. सुट्टीवर आलं की ऐकत बसायचं. मलाबी ऐकवायचं."

मगदूमने मान खाली घातली.

"सात थर आसत्यात न्हवं त्या नेटवर्कात?" ती म्हणाली. "रोज फोनवर म्हणून दावायचं मला. फिजिकल, डेटा लिंक, नेटवर्क, ट्रान्सपोर्ट. हितवर पळत यायचं. आन् पाचव्याला गाडी थांबायची. लय येळा सांगितलं तरी त्यांना पाचवं कवा आठवायचं न्हाई. मग मीच सांगायची. सेशन."

तिने तो शब्द स्वच्छ उच्चारला. मग पदराने हात पुसले.

"वाडीतली मानसं हासायची. म्हातारपणी कोळेकर साळंला चाललाय म्हणायची. म्हणून तुमाला इचारते. तुमी शिकवल्यालं हाय, तुमाला ठावं आसणार. पास झालं आसतं का?"

मगदूमने माझ्याकडे पाहिलं नाही. तो गेला त्याच्या आदल्या आठवड्यातल्या सराव परीक्षेत कोळेकरला थोडे मार्क कमी पडले होते, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

"झालं आसतं, वैनी," तो म्हणाला.

"ह्याच खेपंला?"

"ह्याच खेपंला."

ती उंबऱ्यावरून उठली.

"मग मी लोकास्नी पास झालं म्हणून सांगते," ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

आटपाडीच्या पूर्वेच्या त्या वाडीत हवालदार सिदू कोळेकर हा नेटवर्किंगची परीक्षा पास झालेला माणूस आहे. मी दर वर्षी जातो. नव्याने कोणी भेटला, तर तो मला हे आवर्जून सांगतो. मी म्हणतो, हो, माझ्याच तुकडीत होता.